बीपीसाठी काढे आणि पालेभाज्या : या चुका टाळा

आम्ही इंदूरची मराठी माणसं भाजी हिंदीत विकत घेतो आणि मराठीत शिजवतो. बथुआ घरी आला की चाकवत होतो, अलसीची जवस होते, मुलेठीचं ज्येष्ठमध. एरवी यात काही बिघडत नाही. पण मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझं बीपी 148/92 निघालं आणि या दोन नावांच्या फटीत माझा अख्खा महिना गेला.

झालं असं. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. गोळी सुरू केली, मिठाचं नुसतं ऐकून घेतलं. मग मोबाइलवर 'गुडहल की चाय' बीपी उतरवते असं वाचनात आलं. गुडहल म्हणजे आपली जास्वंद, ती तर अंगणातच होती. रोज गणपतीला एक फूल आणि पातेल्यात चार. महिनाभराने आकडा होता तिथेच.

पुढे नीट शोधल्यावर कळलं की माणसांवर ज्या हिबिस्कस चहाच्या चाचण्या झाल्या, तो चहा जास्वंदीचा नाही. तो लाल अंबाडीचा, म्हणजे हिबिस्कस सबडारिफाचा. त्यातही पाकळ्यांचा नाही. फूल गळल्यावर बोंडाभोवती जो लाल, जाडसर, आंबट कोष राहतो तो वाळवून त्याचा चहा करतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रोज तीन कप, सहा आठवडे घेतल्यावर वरचा आकडा सरासरी सात अंकांनी उतरला होता, नुसतं तसंच दिसणारं पेय घेणाऱ्यांचा एका अंकाने. म्हणजे उपयोग आहे, पण बेताचा. 170 चं 120 करणारी ती जादू नाही. आणि अंबाडी म्हटल्यावर जिच्या तोंडाला पाणी सुटलं तिला सांगते, लसणीची फोडणी आणि पसाभर मीठ घातलेली अंबाडीची चटणी या हिशोबात धरायची नाही.

ही नावाची गफलत. पैसे गेले नाहीत, अपाय झाला नाही. पुढच्या चुका यापेक्षा महाग पडतात.

मिठाच्या पाकिटावर तारीख घाला

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चमचाभर. हे वाचून प्रत्येकाला वाटतं, आपण तेवढंच खातो. मलाही वाटायचं. मग मी एक किलोचं नवं पाकीट फोडलं आणि त्यावर पेनाने तारीख लिहिली. घरात आम्ही चौघं. हिशोबाप्रमाणे ते पन्नास दिवस तरी पुरायला हवं होतं. चोविसाव्या दिवशी संपलं. माणशी साडेदहा ग्रॅमच्या आसपास. थोडं भाज्या धुण्यात आणि गुळण्यांत गेलं हे मान्य, पण निम्मं काही गुळण्यांत गेलं नसणार.

आणि यात शेव धरलेलीच नाही. इंदुरात पोह्यांवर शेव पडली नाही तर माणसं ते पोहे आजाऱ्याचे समजतात. त्यावर जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, म्हणजे पुन्हा काळं मीठ. थंडीत सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू म्हणजे तळलेला कंद खाल्ला तर त्यावरही तोच मसाला, मुठीने. आमच्याकडे अर्धा किलो शेव चार दिवस टिकायची नाही. वरण पातळ झालं, घाल शेव. भाजी कमी पडली, शेवेची भाजी कर. मी सकाळी जास्वंदीचा काढा पीत होते आणि तासाभराने त्याच हाताने पोह्यांवर शेव घेत होते. नळ चालू ठेवून फरशी पुसावी तसं.

पाकिटबंद नमकीनवर मागे सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते दोन ग्रॅम मीठ झालं. सुट्ट्या शेवेवर काही छापलेलं नसतं, तिथे जीभ वापरा. पण जिभेला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे खाण्याचा सोडा. तो खारट लागत नाही, पण त्यातही सोडियमच. चमचाभर सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे तीन ग्रॅम मिठाइतकं. ढोकळा, पापडखार घातलेले पापड, सोडा टाकून मऊ केलेले छोले, आणि जेवण जड झालं की पाण्यात फसफसवून घेतलेली अॅसिडिटीची पूड, हे सगळं त्याच खात्यात.

सैंधव हे मीठच आहे

हे वाक्य मी घरात इतक्यांदा बोलले आहे की आता मुलगा माझ्या आधी पूर्ण करतो. सैंधव गुलाबी आहे, उपासाला चालतं, डोंगरातून येतं, सगळं खरं. पण ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. त्यातली बाकीची खनिजं इतकी थोडी की बीपीला त्यांचा पत्ता लागत नाही. वर बहुतेक सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. 'सैंधव आहे, घाल अजून' म्हणणाऱ्या घरात बीपी चढतंच.

कमी सोडियमचं मीठ ही वेगळी वस्तू. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं मीठ खाणाऱ्यांना पक्षाघाताचे झटके 14 टक्क्यांनी कमी आले. जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरच्या मिठाऐवजी ते वापरायला हरकत नाही असं सुचवलं, पण गरोदर बायका, मुलं आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले लोक वगळून. ज्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आहे (मूत्रपिंड मंदावल्याची ती खूण), जे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्या घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच साठू शकतं. ते फार वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. अशांनी रोज पोटॅशियमवालं शहाळं आणि वर हे मीठ असं परस्पर करू नये. आधी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

'आम्ही तर शाकाहारीच'

कचोरीही शाकाहारीच असते. साबुदाण्याची खिचडी, मैद्याची खारी आणि जिलबीही.

बीपीवर ज्या आहाराचा सगळ्यात नीट अभ्यास झाला, त्या डॅश नावाच्या आहाराच्या चाचणीचे निष्कर्ष 1997 साली आले. भरपूर भाज्या-फळं, अख्खी धान्यं, डाळी, दाणे-बदाम, कमी सायीचं दूध-दही. ज्यांचं बीपी वाढलेलं होतं त्यांचा वरचा आकडा सरासरी 11 ने उतरला, आणि तो उतार दोनच आठवड्यांत दिसला. गंमत म्हणजे त्यात मीठ कमी केलेलंच नव्हतं. ते पुढच्या, 2001 च्या चाचणीत केलं, तेव्हा फायदा आणखी वाढला. म्हणजे ताटात भाजी वाढवणं आणि मीठ घटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

आपल्याकडची गोची अशी की भाजी म्हणजे पोळीला लावायची गोष्ट. वाटीभर चाकवत नुसता खायचा म्हटलं तर लोक हसतात. त्यात चाकवत किंवा पालक उकडून पाणी ओतून द्यायची सवय. ते पाणी मोरीत गेलं की बीपी उतरवायला मदत करणारं निम्मं पोटॅशियमही गेलं. कमी पाण्यात शिजवा आणि उरलेलं वरणात घाला (मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र हेच पाणी टाकायला सांगतात, तो नियम त्यांचा). रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवू नका. तिच्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

जवसाचं एवढंच सांगते की ती दळून खा, अख्खी तशीच बाहेर पडते. 2013 च्या एका कॅनेडियन चाचणीत पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना रोज 30 ग्रॅम दळलेली जवस सहा महिने दिली होती आणि त्यांचा वरचा आकडा बराच उतरला. आपण जवसाची चटणी करतो ती मीठ-तिखट घालून, दोन बोटं. मी आता बिनमिठाची भाजून दळून ठेवते आणि दह्यात कालवते. बीटही चांगलं, पण बीट खाऊन लगेच जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरू नका. त्यातल्या नायट्रेटचं काम जिभेवरच्या जंतूंपासून सुरू होतं, तेच मारले तर बीट खाल्लं काय न खाल्लं काय.

नानांचं ज्येष्ठमध

आमच्या सासऱ्यांना, नानांना, खोकल्याची ढास. थंडी पडली की तोंडात ज्येष्ठमधाची काडी, दिवसभर. काड्या संपल्या की सियागंजातून, इंदूरच्या किराणा बाजारातून, अर्धा पाव आणायच्या. त्यांचं वर्षानुवर्षं आटोक्यातलं बीपी गेल्या हिवाळ्यात 165 च्या घरात गेलं आणि पायांवर सूज दिसायला लागली. गोळी वाढवली, तरी तेच. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "नाना, आयुर्वेदिक वगैरे काही घेता का?" नाना ठामपणे म्हणाले, "छे, औषध काही नाही." काडी त्यांच्या खिशात होती. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. मी मागून म्हटलं, "अहो नाना, मुलेठी दाखवा ना त्यांना."

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. नानांचं पोटॅशियम खाली आलेलं निघालं. काडी बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा मागे आला. गंमत अशी की बाजारातल्या कितीतरी सर्दी-खोकल्याच्या काढ्यांत ज्येष्ठमध असतंच. तो काढा बीपीवाल्याने महिनाभर घेणं म्हणजे एका हाताने गोळी आणि दुसऱ्या हाताने तिचा उतारा.

सर्पगंधा या औषधी मुळीची गोष्ट उलट टोकाची. ती खरंच बीपी उतरवते. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिच्यावरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून बीपी उतरवणारं रेझर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. ती औषधांच्या पहिल्या रांगेतून मागे का पडली? नाक चोंदणं, नाडी मंदावणं, पोटात अल्सर आणि काहींना मनाची खोल उदासी. सियागंजातल्या एका दुकानात मला तिची पूड कागदाच्या पुडीत देऊ केली होती, मात्रा विचारली तर उत्तर आलं, "एक चुटकी, बहनजी." कोणाची चिमूट? मुळीगणिक तिचा जोर बदलतो. ती घ्यायचीच तर शिकलेल्या वैद्यांच्या देखरेखीखाली, आणि चालू गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवून.

कच्च्या लसणीचंही तसंच. एखादी पाकळी स्वयंपाकात चालेल. पण अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि रोज चार-पाच पाकळ्या उपाशीपोटी चावत असाल, तर दात काढायला जाण्याआधी दंतवैद्याला ते सांगा. रक्त थांबायला वेळ लागू शकतो.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर

आधी मोजण्याची पद्धत बघा. आमच्या शेजारच्या काकू तिसऱ्या मजल्यावर जिना चढून येतात, दार उघडताच "अगं, जरा माझं बीपी बघ" म्हणतात आणि पट्टा गुंडाळेपर्यंत सुनेची तक्रार अर्धी सांगून झालेली असते. तो आकडा जिन्याचा आणि सुनेचा. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको, लघवीला जाऊन या. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर यंत्र आकडा चढवून दाखवतं. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी 135/85 च्या वर राहिलं तर ते वाढलेलंच समजायचं, दवाखान्यातल्या 140/90 ची वाट बघू नका.

मग गुडघेदुखीच्या गोळ्या बघा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक रोज घेतल्या तर बीपी वाढतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही वाढतं. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे घरच्यांना विचारा, स्वतःला कळत नाही.

आणि आकडा छान आला म्हणून गोळी आपली आपण बंद करू नका. तो छान आला आहे तो बहुधा तिच्यासकटच. काही गोळ्या, विशेषतः क्लोनिडिन आणि बीटा-ब्लॉकर, एकदम थांबवल्या तर बीपी उसळी मारून येतं. आहाराने खरंच उतरत असेल, उठताना चक्कर येत असेल, तर आकडे लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा कमी करतील. माझी अर्धी केली. आणि 180/120 च्या वर आकडा असताना छातीत दुखणं, दम लागणं, जीभ अडखळणं किंवा एका बाजूचं बळ जाणं यातलं काही झालं तर काढा उकळत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

रविवारचे पोहे आमच्याकडे अजून होतात. वर डाळिंबाचे दाणे, कांदा, लिंबू जास्त, शेव चिमूटभर आणि ती फक्त नानांच्या हट्टासाठी. जिरावन मी घरी करते, काळं मीठ न घालता. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, आता बाहेरचे पोहे खारट लागतात. चालू पाकिटावरच्या तारखेपासून आज एकतिसावा दिवस आहे आणि पाव किलो मीठ अजून शिल्लक. माणशी सहा ग्रॅम पडतं. अजून पाचाच्या वरच.