शहरात कोंबड्या पाळताय? शेजाऱ्याशी वाकडं आणणाऱ्या या चुका टाळा

ओळखीत कुणी कोंबडीची पिल्लं आणली की तीन-चार महिन्यांनी मला फोन येतोच. "ताई, शेजारी तक्रार करतोय, काय करू?" हा प्रश्न पिल्लं आणण्याआधी विचारायचा असतो, पण तेव्हा कुणाला धीर नसतो. तेव्हा फक्त फोटो येतात.

भांडणाची कारणं वरवर वेगळी दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एक गोष्ट असते. स्वतःच्या खुराड्याचा आवाज आणि वास पाळणाऱ्याला कळेनासा होतो. सवय होते. शेजाऱ्याला ती सवय लागलेली नसते आणि लावून घेण्याचं त्याला कारणही नसतं.

"सगळ्या माद्याच आहेत" यावर विश्वास ठेवणं

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता फोन उचलल्याबरोबर तेच म्हणते. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, त्यातून पिल्लं निघत नाहीत एवढंच. पण पंचाईत अशी की कोंबडा कुणी मुद्दाम आणत नाही, तो पिल्लांमधून निघतो. अंड्यांतून साधारण निम्मे नर निघतात आणि एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद ओळखायला सरावलेला हात लागतो. विकणाऱ्याच्या शपथेला काही अर्थ नाही.

मीही शपथेवरच सहा पिल्लं आणली होती. सातव्या आठवड्यात एकाचा तुरा लाल आणि जाड दिसायला लागला. मी म्हटलं, तलंग (तरणी कोंबडी) असेल, लवकर वयात येतेय. बाराव्या आठवड्यात शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं आली. तरी मी मनाची समजूत घालत राहिले. मग एका पहाटे खुराड्यातून घसा बसल्यासारखा चिरका आवाज आला आणि समजूत संपली.

त्याच वेळी त्याला दुसरीकडे द्यायला हवं होतं. मी मात्र उपाय करत बसले. खुराड्यावर जाड कापड टाकलं, म्हणजे त्याला उजेड दिसणार नाही. कोंबडा उजेड पाहून आरवतो असं मी धरून चालले होते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही वेळेवर आरवतात आणि एरवी पहाटेच्या उजेडाच्या साधारण दोन तास आधीच सुरू होतात. म्हणजे कापड फक्त माझ्या समाधानासाठी होतं. मग रात्री त्याला बुटक्या खोक्यात ठेवून पाहिलं, म्हणजे मान ताणता येऊ नये. आवाज थोडा दबला, कोंबडा चिडका झाला. गळ्याला पट्टा बांधायचा सल्लाही मिळाला होता. तो करू नका. पट्टा थोडा जरी घट्ट झाला तर जनावर गुदमरतं.

मग भिंतीपलीकडचे काका आले. "तुमच्याकडे कोंबडा आहे का हो?" मी म्हटलं, "छे, काका. मागच्या गल्लीतला असेल." काका काही बोलले नाहीत. चार दिवसांनी ते छोटी वही घेऊन आले. त्यात रोजच्या वेळा लिहिलेल्या होत्या: 3:50, 3:52, 3:55, 4:10... अकरा दिवसांच्या. माझ्या हिशेबाने तो पहाटे दोन-तीनदा आरवायचा. एका दिवसाच्या पानावर चाळीसच्या वर नोंदी होत्या. मला खरंच ऐकू येईनासं झालं होतं.

गंमत म्हणजे कोंबड्याचंही तसंच आहे. बेल्जियममध्ये 2018 साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आरवताना चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची नळी बंद होते, म्हणून स्वतःच्या आवाजाने त्याचा कान बिघडत नाही.

कोंबडा त्याच आठवड्यात दुसरीकडे गेला. खोटं मात्र राहिलं. पुढचं वर्षभर काका माझ्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नव्हते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

इथे कुणीतरी फ्रान्समधल्या मॉरिस कोंबड्याची बातमी पुढे करतंच. त्याच्या आरवण्यावरून शेजारी कोर्टात गेले होते आणि 2019 मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला हे खरं आहे. तिथे 2021 मध्ये त्यावर कायदाही झाला, पण तो ग्रामीण भागातल्या आवाजांना आणि वासांना संरक्षण देणारा आहे. तुमची भिंत शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीला लागून असेल तर मॉरिस तुमच्या काही कामाचा नाही.

आणि हो, कोंबड्याही गप्प नसतात. अंडं घातलं की दोन-चार मिनिटं गाजावाजा करतात. पण तो सहसा सकाळी उशिरा किंवा दुपारी असतो, त्यावरून भांडण फारसं होत नाही.

वासावर चुना आणि फिनेल मारणं

कोंबडीच्या ताज्या शिटेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. त्यातल्या युरिक आम्लावर ओलाव्यात जिवाणू काम करतात आणि डोळे चुरचुरवणारा अमोनिया सुटतो. म्हणजे शत्रू ओलावा आहे. हे लक्षात न घेता नवखे लोक चुना पसरतात. चुन्याने खुराड्यातलं ओलं आथरूण (खाली पसरलेला भुसा) अल्कधर्मी होतं आणि त्यातून अमोनिया आणखी जोरात सुटतो. राखेचंही तेच. फिनेलने तर वासावर दुसरा वास चढतो आणि शेजाऱ्याला दोन्ही येतात.

माझी सवय सांगते. खाली चार बोटं कोरडा लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस घालते. बसायच्या दांडीखाली फळी ठेवते आणि रोज सकाळी चहाच्या आधी ती खरवडते, कारण निम्मी घाण रात्री तिथेच पडते. पाण्याचं भांडं विटेवर ठेवते, म्हणजे सांडत नाही. मूठभर भुसा दाबून पाहायचा. हात ओला झाला किंवा गोळा बनला तर बदलायचा. आठवड्यातून दोनदा ओली घाण हलवली तर माश्यांचाही बंदोबस्त होतो, कारण उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. मधेच साखळी तोडायची.

आणि स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवू नका. दोन दिवस बाहेरगावी जाऊन या. परत आल्यावर फाटकातून आत येताना घेतलेला पहिला श्वास काय तो खरा. तेही जमत नसेल तर भिंतीपलीकडे, वारा ज्या बाजूला वाहतो तिथे जाऊन उभे राहा.

रात्री दाणे तसेच ठेवणं

कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती रात्री खात नाही. मग रात्रीचं खाद्य कुणासाठी? उंदरांसाठी. एका कोंबडीला दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य पुरतं. तेवढं मोजून द्या, संध्याकाळी उरलेलं झाकणाच्या डब्यात भरा. षट्कोनी छिद्रांच्या कोंबडीजाळीने कोंबडी आत राहते, उंदीर बाहेर राहत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि ती जमिनीखाली वीतभर तरी गाडा. शेजाऱ्याकडे एक उंदीर दिसला तरी तो तुमचाच ठरतो. काकांच्या माळ्यावरचे उंदीर माझ्या कोंबड्यांच्या आधीपासूनचे होते, पण हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

बाकीच्या, थोडक्यात

नियम न वाचता पिल्लं आणणं. शहरागणिक आणि सोसायटीगणिक ते बदलतात. तोंडी "चालतं हो" यावर जाऊ नका, लेखी विचारा.

खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवणं. आपल्या खिडकीपासून लांब म्हणून तिकडे ढकललेलं असतं, हे त्यालाही कळतं.

कोंबडी भिंत ओलांडून त्याच्या वाफ्यात उकरते, त्यावर हसणं. एकाच पंखाची लांब पिसं कापा, तोल जाऊन ती उडत नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापा.

मेलेली कोंबडी कचऱ्यात टाकणं. एकाएकी दोन-तीन मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

अंडी देऊन तोंड बंद करणं. कोंबडा गेल्यावर मीही काकांकडे सहा अंडी पाठवली. ट्रे तसाच परत आला. काका अंडं खात नाहीत, हे सात वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं. त्यांना काय हवं ते वर्षभराने त्यांनीच सांगितलं: कुंड्यांसाठी खत. आता खुराड्यातला भुसा मी चार-पाच महिने कुजवते आणि दोन पोती भिंतीवरून देते. ताजा देत नाही, त्याने झाडं जळतात. एकदा घाईत अर्धकच्चा दिला होता, तर वही परत निघाली.