चालू पायथन वेब ॲपच्या पॅकेजांच्या आवृत्त्या ॲपलाच विचारा

ॲपमध्ये कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती चालू आहे असं विचारलं, की 'रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) बघा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो. पण काय बसवायचं होतं एवढंच ती फाइल सांगते, प्रत्यक्षात काय बसलं हे नाही. सर्व्हरच्या शेलमध्ये पिप फ्रीझ (बसलेल्या पॅकेजांची यादी देणारी कमांड) चालवणंही भरवशाचं नाही, कारण शेलचा पायथन आणि ॲपचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ॲपपुरता वेगळा ठेवलेला पायथन आणि त्याची पॅकेजं) बरेचदा वेगळं असतं. उत्तर चालू प्रोसेसकडूनच घ्यायला हवं.

ॲपमध्ये फक्त ॲडमिनसाठी एक पान करा. त्यावर सर्वांत आधी सिस.एक्झिक्युटेबल (कोणता पायथन चालू आहे त्याचा पत्ता) आणि सिस.व्हर्जन (त्याची आवृत्ती) छापा. निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

मग पॅकेजांची यादी. पायथन 3.8 पासून इम्पोर्टलिब.मेटाडेटा भाषेसोबतच येतं. त्यातलं डिस्ट्रिब्युशन्स() फिरवून नाव आणि आवृत्ती घ्या. मॉड्यूलच्या डंडर-व्हर्जनच्या (`__version__`) मागे लागू नका, कित्येक पॅकेजांत ते नसतंच. एखादंच पॅकेज शोधत असाल तर बसवतानाचं नाव द्या: कोडमध्ये पीआयएल लिहिता, पण पॅकेज पिलो असतं.

आता खरी मेख. मेटाडेटा, म्हणजे पॅकेजच्या नाव-आवृत्तीची नोंद, डिस्कवरून वाचला जातो, तोही तुम्ही विचाराल त्या क्षणी. कोड मात्र एकदा इम्पोर्ट झाला की मेमरीतच राहतो. कुणी पिपने पॅकेज वर नेलं आणि ॲप रीस्टार्ट केलं नाही, तर तुमचं पान नवी आवृत्ती दाखवेल आणि चालत राहील जुनाच कोड. सुरक्षेची दुरुस्ती लागली असं समजून सगळे निर्धास्त होतात, आणि भोक तसंच उघडं राहतं. त्यात काही मॉड्यूल्स पहिल्यांदा गरज पडेल तेव्हाच लोड होतात. अशा वेळी एकाच प्रोसेसमध्ये जुनं-नवं एकत्र नांदतं, आणि त्यातून येणाऱ्या एररचा माग काढताना जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून यादी ॲप सुरू होतानाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा, सोबत सुरू झाल्याची वेळही. पानावर ही यादी आणि आत्ता डिस्कवरून वाचलेली यादी शेजारी-शेजारी दाखवा. एका ओळीचाही फरक दिसला तर अख्खं ॲप रीस्टार्ट करा, मुख्य प्रोसेस आणि सगळे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) धरून. 'फरक किरकोळ आहे' हे कुणाचंही ऐकू नका.

गनिकॉर्नसारख्या, पायथन ॲप चालवणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक विनंती वेगळ्या वर्करकडे जाऊ शकते, तेव्हा ओएस.गेटपिड(), म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, पानावर हवंच. ते विनंतीच्या वेळी घ्या. प्रीलोड (वर्कर निघण्याआधीच मुख्य प्रोसेसमध्ये ॲप लोड करणं) चालू असेल तर सुरुवातीला घेतलेला क्रमांक मुख्य प्रोसेसचा निघतो. पान दोन-चारदा रिफ्रेश करून वेगवेगळ्या क्रमांकांच्या याद्या ताडून बघा.

लॉगिनशिवाय हे पान कधीही उघडं ठेवू नका. कोणत्या आवृत्तीतली कोणती त्रुटी वापरायची, हे हल्लेखोराला त्यावरून आयतं कळतं.