पाच जुनी चलनं काढून ठेवा

"छान आहे मॅडम, सगळं बरोबर आहे. कुठं सही करू?"

एका दुपारी हे वाक्य मी चाळीस वेळा ऐकलं. एका मोठ्या वाहन कंपनीनं पुरवठादारांसाठी एएसएनचा, म्हणजे माल गेटबाहेर पडण्याआधी कॉम्प्युटरवरून जाणाऱ्या सूचनेचा नवा साचा तयार केला होता. लागू करण्याआधी पुरवठादारांची मतं हवी होती. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या बारक्या युनिटांना मी ईआरपी, म्हणजे खरेदी-विक्री-साठ्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवून देते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी हॉल घेतला, प्रोजेक्टर लावला, समोसा-चहा ठेवला. पहिल्या रांगेत कंपनीचे पर्चेसचे साहेब बसवले. चाळीस फॉर्म वाटले, चाळीस परत आले. अडतीसांवर "चांगला उपक्रम". उरलेल्या दोघांनी मोबाईल नंबर लिहून "जॉबवर्क असल्यास कळवावे" असं टाकलं होतं; जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं करायचं काम.

ज्याच्या ऑर्डरवर घर चालतं त्याच्या साहेबासमोर कोण म्हणेल की तुमचा साचा आम्हाला जमणार नाही? चूक माझीच. तेव्हापासून हॉल बंद. असलं काम अंगावर आलं तर मी कसं करते ते सांगते.

आधी तारखा बघा. ११ तारखेपर्यंत जीएसटीचं विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, भरायचं असतं, २० तारखेपर्यंत कर भरायचं विवरण, ३बी. त्या दिवसांत अकाउंटवाल्याला प्रश्न विचारणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याशी गप्पा मारणं. महिन्याचे शेवटचे तीन दिवस डिस्पॅचचे, तेव्हा स्टोअरवाला जेवायलासुद्धा बसत नाही. मग उरतं काय? १२ ते १७ आणि २२ ते २७. आमच्या साच्याच्या मसुद्याला मतांसाठी तीन आठवडे दिले होते. वरच्या तारखा वजा केल्या तर हातात जेमतेम दहा दिवस. मानकं बनवणाऱ्यांसाठी जागतिक व्यापार संघटनेची जी आचारसंहिता आहे, तिच्यात हरकती-सूचनांना किमान ६० दिवस द्यावेत असं म्हटलंय. खासगी कंपनीला ते बंधनकारक नाही, पण मुदतवाढ मागताना त्या आकड्याचा उल्लेख करा. मी केला, दोन आठवडे वाढवून मिळाले.

आता कोणाला भेटायचं? मालकाला नाही. म्हणजे भेटा, चहा घ्या, परवानगी घ्या, आणि मग "चलन कोण बनवतं?" (चलन म्हणजे मालासोबत जाणारा कागद) असं विचारून त्या टेबलापाशी जा. बहुतेक ठिकाणी ती पस्तीसेक वर्षांची एखादी ताई असते, शेजारी प्रिंटर, भिंतीवर बालाजीचं कॅलेंडर. साच्याचा खरा वापर तीच करणार. तिच्याशिवाय चार माणसं हवीतच: शनिवारी येणारा अर्धवेळ अकाउंटंट, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून देणारा पोरगा, गेटवर इनवर्ड, म्हणजे आत येणारा माल, लिहिणारा वॉचमन आणि टेम्पोवाला. टेम्पोवाल्याला सगळे विसरतात. पण कागद आणि माल यांचा मेळ बसला नाही की उन्हात गाडी त्याचीच उभी राहते. मला आडगाव ट्रक टर्मिनसवर एका ड्रायव्हरदादांनी विचारलं, "वाटेत गाडी बंद पडली, दुसऱ्या गाडीत माल भरला, तर नंबर कुठं बदलायचा?" साच्यात गाडी नंबर एकदाच आणि तोही माल निघण्याआधी टाकायचा होता. अख्ख्या हॉलमध्ये हे कोणी बोललं नव्हतं.

आणि आता मुख्य भाग. मसुदा दाखवून "तुमचं मत काय?" असं विचारायचंच नाही. मसुद्याबद्दल कोणाला मत नसतं. स्वतःच्या कागदाबद्दल मात्र प्रत्येकाला असतं. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पाच जुनी चलनं काढून ठेवायला सांगा: एक नेहमीचं, एक जॉबवर्कचं, एक माल रिजेक्ट होऊन परत आलेलं, एक अर्धाच माल गेलेलं आणि एक असं की ज्यावर भांडण झालं होतं. पाचवं शोधायला कोणालाच वेळ लागत नाही. मग साच्याची कोरी प्रिंट आणि पेन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "यातलं त्यात उतरवा." आणि गप्प बसा. मला हे गप्प बसणं शिकायला दोन वर्षं लागली.

पेन जिथं थांबतं, तिथं तुमचा अभिप्राय आहे. काय थांबलं, किती वेळ थांबलं, मग त्यांनी काय जुगाड केला, हे तिन्ही लिहून घ्या. जुगाड तर नक्कीच. रकाना अडला की माणूस काहीतरी टाकून पुढं जातो, आणि उद्या चालू पोर्टलवर तेच टाकणार असतो.

अंबडला एक्सलो पॉइंटजवळ एका प्लेटिंगवाल्या काकांकडे काय झालं ते बघा. मशिनिंगवाला त्यांच्याकडे ५०० बुश पाठवतो, नगावर. काका माल घेतात आणि देतात तो मात्र किलोवर, कारण त्यांचा दर किलोचा. तो माल परत जातो तीन खेपांत, आणि त्यातले सात नग प्लेटिंग सुटलं म्हणून मागं राहतात. हे चलन साच्यात उतरवताना काकांचं पेन पहिल्यांदा थांबलं ते एककापाशी. जीएसटीच्या यादीत नगाला एनओएस आणि किलोला केजीएस लिहितात, रोजच्या सवयीनं काकांनी केजीएस लिहिलं. मसुद्यात मात्र संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले कोड होते, तिथं किलोला केजीएम आणि नगाला एच८७. एकाच मालाला बिलावर एक कोड आणि एएसएनवर दुसरा! दुसऱ्यांदा पेन थांबलं, कारण ऑर्डर नगांत आणि पाठवणी किलोत, आणि साच्यात एकच एकक लिहायची सोय. तिसऱ्यांदा तर त्यांनी पेन खालीच ठेवलं. "तीन खेपा कशा दाखवू? इथं एका चलनाला एकच परतीचं चलन आहे." जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर कायद्यानं तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. त्यामुळं कुठल्या चलनातले किती परत आले हा हिशोब काकांपेक्षा मशिनिंगवाल्याच्या गळ्याशी येतो. वीस मिनिटांत तीन पक्के मुद्दे मिळाले. हॉलमध्ये हेच काका समोसा खाऊन "छान आहे" म्हणाले होते.

साच्याच्या कागदावर प्रत्येक रकान्यापुढं १..१, ०..१, १..एन असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा रकाना सक्तीचा की ऐच्छिक, आणि एकदाच की अनेकदा, एवढाच त्याचा अर्थ. तो समजावत बसू नका. दोनच प्रश्न विचारा: "हे दर वेळी असतं का?" आणि "एका चलनावर कधी दोनदा येतं का?" पहिल्याला "नाही" आलं आणि साच्यात रकाना सक्तीचा असला, की सापडला मुद्दा. दुसऱ्याला "हो" आलं आणि साच्यात एकदाच मुभा असली, की सापडला दुसरा. पार्ट नंबरपाशी तिसराही विचारा: "सुरुवातीला शून्य असतं का?" एक्सेल ती शून्यं गिळतं, आणि तिकडं माल ओळखलाच जात नाही.

मुद्दे जमले की मांडणी. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मसुद्यांवर मतं मागवायचा तक्ता असतो, मी त्याचीच नक्कल करते: कलम कुठलं, मत सर्वसाधारण की तांत्रिक की शब्दांचं, मत काय आणि सुचवलेला बदल काय. शेवटचा रकाना रिकामा ठेवून पाठवू नका. "जॉबवर्कवाल्यांना अडचण येते" असं लिहिलं तर समिती मान डोलावते आणि पुढं जाते. "परतीच्या चलनाचा संदर्भ ०..१ ऐवजी ०..एन करावा, आणि प्रत्येक संदर्भासोबत परत आलेली संख्या द्यावी" असं लिहिलं की त्यांना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. मात्र आधी माणसाचं वाक्य त्याच्याच मराठीत टिपा, मग तांत्रिक भाषेत घाला. उलट केलंत तर ड्रायव्हरदादांच्या बंद पडलेल्या गाडीची "वाहन-माहिती अद्ययावतीकरण सुविधा" होते आणि अडचण कुठली होती हेच हरवतं.

नावं काढून टाका. "प्लेटिंग, आठ कामगार, अंबड" एवढं पुरे. खरं तर अंबडसुद्धा नको, काका लगेच ओळखू येतील. चलनांचे फोटो घेतले तर दर आणि पार्टीचं नाव झाकून घ्या, आणि झाकताना त्यांना दिसू द्या.

मोजणीत एकदा फसले होते. चौदा युनिटांनी शब्दशः एकच हरकत घेतली, मी "बहुमत" म्हणून अधोरेखित केली. नंतर कळलं की चौदांचा टॅलीवाला एकच, आणि त्याला ते काम टाळायचं होतं. ते एक मत होतं, चौदा नव्हे. उलट किलो-नगाचा मुद्दा काकांचा एकट्याचा, पण हीट ट्रीटमेंटवाल्यांनाही तो तसाच लागू होतो. किती जण बोलले त्यापेक्षा किती प्रकारच्या कामांना अडतंय, ते लिहा.

एवढी धावपळ कशाला, असं कोणी म्हणालं तर ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचा, प्रवास सांगा. जीएसटी परिषदेनं त्याचं मानक २० सप्टेंबर २०१९ला मंजूर केलं. ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ते १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालं, मग पायरी-पायरीनं उतरत १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींवरच्यांपर्यंत आलं. म्हणजे लहान कारखानदाराच्या दारात साचा येईपर्यंत त्यातलं सिमेंट वाळलेलं असतं. बोलायचं तर मसुदा ओला असतानाच.

तक्ता पाठवून झाला की काम संपलं असं मीही समजायचे. पुढच्या वेळी एका ताईंनी चलनं दिलीच नाहीत. "मागच्या वेळचं काय झालं ते आधी सांगा." सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तेव्हापासून उत्तर आलं की त्याची प्रिंट घेऊन मी सगळीकडे परत जाते, नामंजूर झालेलं असलं तरी. काकांच्या तीनपैकी खेपांचा मुद्दा मंजूर झाला, एककाच्या कोडसाठी कंपनीनं आपल्या बाजूला बदली-यादी ठेवली, आणि नग-किलो दोन्ही लिहायची सोय नाकारली. ऑर्डर ज्या एककात, पाठवणीही त्यातच, असं कारण दिलं. काकांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. "कारण पटलं नाही," म्हणाले, "पण लिहून दिलंय बरं का." परवा नवा मसुदा आला म्हणून फोन केला, तर मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बावीसनंतर या. चलनं काढून ठेवतो."