चापडा चावला तर आणि चावू नये म्हणून: या चुका टाळा

पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी रात्री टॉर्च घेऊन फिरलात, तर चापडा हा झुडपांवर बसणारा विषारी साप बहुतेक वेळा गुडघ्या-कमरेच्या उंचीवर दिसतो. कारवीच्या दांड्याला शेपटीची पकड, मान आखडून मागे घेतलेली, पाठीवरून पाणी निथळतंय आणि हा ढिम्म! उद्या गेलात तरी बहुधा त्याच जागी भेटेल. हलत नाही म्हणजे सुस्त आहे, असं धरून लोक मोबाईल थेट त्याच्या तोंडाशी नेतात. तो सुस्त नसतो, दबा धरून बसलेला असतो. डोळा आणि नाकपुडीच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते आणि तिच्यातल्या पातळ पडद्याला उष्णता कळते. मिट्ट काळोखातही तुमचा ऊबदार हात त्याला व्यवस्थित जाणवतो.

दुसरी चूक जरा विचित्र आहे: फक्त पायाखाली बघणं. घोणस-फुरशाच्या धाकाने आपण गमबूट चढवतो आणि घसरायला झालं की न बघता बाजूची फांदी पकडतो. चापडा बसतो तो नेमका तिथेच.

रंगावरही विसंबू नका. मलबारी चापडा हिरवा असतो, तसा तपकिरी आणि पिवळाही असतो. उलट, हिरवागार, लांब, टोकदार तोंडाचा हरणटोळ चापडा समजून हकनाक मारला जातो. चापड्याचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, डोळ्याची बाहुली उभी. हरणटोळाची बाहुली आडवी. अर्थात बाहुली तपासायला जवळ जायचं नाही. झूम कशासाठी आहे?

आता दंश. चापड्याच्या दंशाने माणूस दगावणं विरळा, पण कळ जबरदस्त येते आणि सूज तासातासाने वर चढते. काहींचं रक्त गोठेनासं होतं. म्हणून दोरी आवळून बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. विष मुळात मांसावरच हल्ला करतं; दोरीने ते एकाच जागी कोंडतं आणि रक्तपुरवठाही तुटतो. न गोठणाऱ्या रक्तावर ब्लेडची चीर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा. सूज चढली की त्या वस्तू कापून काढाव्या लागतात. हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि दवाखान्याकडे निघा. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात.

सगळ्यात मोठी गफलत दवाखान्यात होते. नातेवाईक हट्ट धरतात, "आधी सापाची लस टोचा!" आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापडा त्यात नाही. थायलंडमध्ये रेडक्रॉसची संस्था तिथल्या हिरव्या चापड्यांसाठी वेगळी लस बनवते. आपल्याकडे तसं काही नाही. घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या या लसीची रिअ‍ॅक्शनही येऊ शकते, म्हणजे उपयोग नसताना धोका तेवढा पत्करायचा. केरळात नाकाड्या चापड्याला (चापड्याच्याच एका भाईबंदाला) फुरसं समजून लस दिल्याची, आणि तिचा गुण न आल्याची, उदाहरणं नोंदलेली आहेत. या नाकाड्याचं विष मूत्रपिंडही निकामी करू शकतं. म्हणून लांबून काढलेला एक बरा फोटो फार मोलाचा. साप मारून पिशवीत आणू नका. तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. साप ओळखू आलाच नाही तर लस द्यायची की नाही, ते डॉक्टरांवर सोडा.

रक्त गोठतंय का, हे बघायची दवाखान्यातली साधी तपासणी अशी: दोन मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठण्यात बिघाड आहे. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. एकदा रक्त गोठलं म्हणून घर गाठणं हीही चूकच. बिघाड उशिरा उमटतो, त्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा लागते आणि निदान २४ तास देखरेखीखाली राहावं लागतं.

तोवर खाटेशेजारी बसलेल्याने एक काम करावं: सूज जिथवर आली आहे तिथे बॉलपेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. तासाभराने दुसरी रेघ.