स्कॅनरचे गट आणि फर्मवेअर

लातूरला गच्चीवर अँटेना लावून रेडिओ स्कॅनर (एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासून ऐकवणारा रेडिओ) ऐकणाऱ्या माणसाचं सांगणं: चॅनेल, म्हणजे साठवायच्या फ्रिक्वेन्सी, भरण्याआधी त्यांचे गट पाडा. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, मोड (आवाज लहरींवर बसवायची पद्धत) एएमच ठेवा. हौशी रेडिओचा १४४ ते १४६ वेगळा, त्यात १४५.८०० सगळ्यांत वर, कारण अंतराळ स्थानकाचा आवाज तिथे येतो, तोही एफएमवर. गटांना नांदेड, चिकलठाणा अशी नावं द्या, नुसते आकडे डोक्यात राहत नाहीत. एकच चॅनेल दोन गटांत ठेवायची सोय कंपन्यांनी प्रत्येक स्कॅनरमध्ये द्यायलाच हवी.

फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलण्याआधी चॅनेलची फाइल लॅपटॉपवर उतरवा, मेमरी पुसली जाऊ शकते. मॉडेल नंबर तंतोतंत जुळवा. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून स्कॅनर आणि लॅपटॉप दोन्ही पूर्ण चार्ज करूनच बसा. अपडेट अर्धवट तुटलं तर स्कॅनर सुरूच न होण्याची भीती असते.