हात थरथरतो? फोकस्ड अल्ट्रासाउंड करायच्या आधी हे बघा
औषधांनी कंप आटोक्यात येत नसेल तरच या उपचाराचा विचार करा. आधी कवटीचा सीटी स्कॅन, कारण डोक्यावर बसवलेल्या हेल्मेटमधल्या १०२४ ठिकाणांहून निघालेल्या ध्वनिलहरी हाडातून आत जाऊन थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातल्या एका बारीक ठिपक्यावर जमतात नि तेवढीच जागा तापून निकामी होते, पण काहींचं हाडच असं असतं की पुरेशी उष्णता आत पोचत नाही. पेसमेकर असेल तर लगेच सांगा, सगळं एमआरआयमध्येच करतात ना. डोकं पूर्ण भादरतात (केस काय, येतील परत). तुम्ही जागेच असता, मधेमधे कागदावर गोलगोल रेघ काढायला लावतात, कंप कमी झाला का ते बघायला. चीर नाही म्हणजे धोका नाही असं नका समजू हं, बोटं-ओठ बधिर होणं, चालताना तोल जाणं, हे होतं, बऱ्याचदा ओसरतं पण काहींना राहतं. आणि एका वेळी एकच हात, तेव्हा कुठला ते आधीच ठरवा.