लाइट आली, पण सर्व्हर उठला का?

रावेरला मामांच्या केळी खरेदीच्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर उबुंटू (लिनक्स), एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, आणि दिवसभर भरलेल्या गाड्यांच्या वजनाच्या नोंदी. मे महिन्यात लाइट गेली, यूपीएसने थोडा वेळ तग धरला आणि मशीन बसलं. लाइट आल्यावर मामांचा फोन: "काबरे, नोंदी उघडत नाहीत आज?"

चूक माझीच. उबुंटूवर एनजिनएक्स बसवला की तो बूटला, म्हणजे मशीन चालू होताना, आपोआप सुरू व्हायची सोय होऊनच येते. पण मध्यंतरी अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर करून बघायच्या नादात मी एनजिनएक्स डिसेबल केला आणि नंतर नुसता स्टार्ट केला. स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं; इनेबल म्हणजे दर बूटला. सगळा घोळ इथेच होतो.

आधी स्थिती बघा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप मात्र लहान इंग्रजी अक्षरांत करायच्या:

सिस्टमसीटीएल इज-इनेबल्ड एनजिनएक्स

उत्तर 'डिसेबल्ड' आलं तर:

सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ एनजिनएक्स

'नाऊ'मुळे दोन्ही कामं एका फटक्यात होतात. अपाचे वापरत असाल तर उबुंटू-डेबियनवर सर्व्हिसचं नाव अपाचे2, फेडोरा या लिनक्सवर एचटीटीपीडी. फेडोरावर इनेबल हातानेच करावं लागतं.

आता मशीन खरंच रीबूट करा. 'इनेबल्ड' दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. पान उघडलं नाही तर या दोन आज्ञा:

सुडो एनजिनएक्स -टी
सुडो जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -बी

पहिली कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधली चूक ओळीच्या नंबरासकट दाखवते. माझा निम्म्या वेळा अर्धविराम राहिलेला असतो. दुसरी या बूटमधला लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, दाखवते. तिथे 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं, तर 80 नंबरच्या पोर्टवर (वेब पानांच्या नेहमीच्या दारावर) बहुतेक अपाचे आधीच ठाण मांडून बसलाय. त्याला त्याच पद्धतीने 'डिसेबल --नाऊ' करा. 'कॅननॉट असाइन' असं काही आलं, तर कॉन्फिग फाइलमधल्या लिसनच्या ओळीत ठरावीक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) लिहिलाय का बघा. बूटच्या वेळी तो मशीनला मिळालेलाच नसतो. नुसतं लिसन 80 ठेवा.

एवढं करूनही आमचं काम अर्धंच झालं होतं, कारण मशीनचं बटण दाबायला कुणीतरी लागायचंच. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. पॉवरच्या पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' करा. 'लास्ट स्टेट' नको: यूपीएसने मशीन नीट शटडाऊन केलं असेल, तर शेवटची स्थिती 'बंद' हीच राहते.

मग शटडाऊन करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा आणि बटणाला हात न लावता मोबाइलवर पान उघडतं का बघा.